मदत हवी आहे: पोराला स्वतःच्या पैशाचा हिशोब कसा लावावा?

नमस्कार. दारव्हा तालुक्यातलं लहान गाव, घरी कोरडवाहू शेती. पोरगा बारा वर्षांचा, सातवीत.

यंदा तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा) लाकडी नंदी घेऊन गावभर फिरला. घरोघरी नंदीवर मिळणारे पैसे, म्हणजे बोजारा, ३४० रुपये जमला. मी म्हटलं, तुझे पैसे, तूच सांभाळ. तान्हा पोळा प्रतिपदेला, गणपती चतुर्थीला. गणपती बसेपर्यंत खिशात ११ रुपये! दोस्तांना आइस्क्रीम चारलं म्हणे. तेही चाललं असतं. पण महिन्याभराने किराणा दुकानाच्या वहीत आमच्या पानावर 'बॉल ४०, जेलपेन १०, पुडा ५, पुडा ५' असं बरंच निघालं. सगळं मिळून ८५. विचारलं तर म्हणतो, "बाबाचं बी तं लिहूनच असते ना!"

आता यावर काय बोलू? सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीला, मग कापूस, तूर त्यानंतर. तोवर तेल-साखर वहीवरच.

पुण्याची नणंद म्हणते, तीन डबे कर, दर एक तारखेला पैसे दे. तिच्याकडे एक तारखेला पगार होतो. आमची एक तारीख कापूस विकला की येते.

तर आठवड्याला २० रुपये द्यावे, की माल विकला की एकदम? आणि ते ८५ त्याच्याकडून वळते करू का? हे म्हणतात, लहान आहे, सोड.

प्रतिसाद
ताई, एकदम देऊ नका, पाहिलंच तुम्ही. आठवडी बाजाराच्या दिवशी २० द्या, पुढच्या बाजारापर्यंत एक रुपया जास्त नाही. त्यातले ५ दर आठवड्याला कापा, सतरा बाजारांत ८५ फिटतात. सोडू मात्र नका. दुकानदाराला सांगा, पोराच्या हाताने आलेलं लिहायचं नाही. पुढच्या बोजाऱ्यासाठी पोस्टात बचत खातं काढा. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने चालवू शकतं, उघडायला ५०० लागतात. यंदासारखे ३४० जमले तर ते त्याचे, वरचे १६० तुमचे. आणि घरची उधारी लपवू नका. वही त्याच्याच हातात द्या, बेरीज करू द्या.

धागाकर्ती
दुकानदार आमचे चुलत दीरच, पोराला नाही म्हणताना त्यांच्या जिवावर येतं. तरी सांगितलं. पाच रुपये कापायचे म्हटल्यावर पोरगा दोन दिवस फुगून होता.

काल वही दिली त्याला. पाटीवर मांडून दोनदा बेरीज केली. चहापत्तीच कितीदा येते म्हणून हसला. मग सगळी पानं उलटून विचारतो, "आई, यात बाबाचा खर्रा काहून नाई?"

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, रोखीनं येतो. हे तिथेच बसले होते, उठून वावरात गेले. पोराला काय सांगू, तेवढं सुचवा.