'इव्हिल'ला मराठीत काय म्हणायचं?

दौतटाक : एका मुलाखतीचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडलेय. बाईंच्या भावाचा खून झालाय. त्या म्हणतात, 'इव्हिल' असं काही नसतंच, म्हणून त्या माणसाला मी माफ करू शकले. मी लिहिलं, 'दुष्टपणा असा काही नसतो.' संपादकांचा शेरा आला, 'नसतो कसा? आमच्या शेजारी राहतो.' हसले, पण मुद्दा खरा आहे. दुष्टपणा हा माणसाचा गुण झाला. बाई बोलतायत ते माणसाबाहेर स्वतंत्रपणे असणाऱ्या कशाबद्दल तरी. त्याला शब्द काय?

पारंबी : 'दुरित'. पसायदानात तयार आहे. दुर् + इत, वाईट वाटेला गेलेलं. शिवाय माउली त्याला तिमिर म्हणतात. अंधार ही वस्तू नव्हे, उजेडाचं नसणं. बाईंचं म्हणणं हेच तर आहे!

खारेदाणे : पेपरात 'दुरित' छापलंत तर लोक मुद्रणदोष समजून 'त्वरित' वाचतील.

मांडवीकाठ : शब्दांचं काही खरं नसतं हो. आमच्या गोव्यात हिंदूंचा देवचार म्हणजे गावाचा राखणदार, त्याला रोट देतात. शेजारच्या ख्रिस्ती घरात देवचार म्हणजे सैतान. शब्द एकच. आता इव्हिल आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

वसईवाला : आमच्या प्रभूच्या प्रार्थनेत सरळ 'वाइटापासून सोडव' आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'वाईट' असाही वाचता येतो आणि 'तो दुष्ट' असाही, यावर पंडित अजून भांडतात. तेव्हा ताई, तीन दिवस म्हणजे काहीच नाही.

शुद्धमती : मूळ चूक वेगळीच आहे. 'माफ' अरबी. 'क्षमा' लिहा. क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा, सगळं सहन करणारी. माफी सरकार देतं, कर्जाला.

खारेदाणे : बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की तुम्ही 'क्षमस्व' म्हणता?

शुद्धमती : सॉरी म्हणते. तो वेगळा विषय आहे.

पारंबी : दोन्ही सोडा, 'पोटात घातलं' लिहा. आजीने जावेचे सगळे अपराध पोटात घातले होते. वाटणीचा विषय निघाला की म्हणायची, 'पोटात घातलंय गं, पचलेलं नाही.'

दौतटाक : हे फार आवडलं. पण बाई पुढे 'जे झालं ते अ‍ॅक्सेप्ट केलं' असंही म्हणतात. 'स्वीकारलं' लिहिलं तर मान्यता दिल्यासारखं वाटतं. 'पत्करलं'?

मांडवीकाठ : पत्करणं आपण आपल्या हाताने करतो. नोकरी पत्करली, धोका पत्करला. भावाचा खून कोण पत्करेल? 'सोसलं' म्हणा.

वसईवाला : सोसण्यात क्षमा नाही. सासुरवासही सोसतातच.

आडमुठा : सगळे पसायदान म्हणतायत, तुकोबांना कुणी विचारणार की नाही? 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें'. काटा असतो, तो मोडायचा. खुनी माणसाला कसलं पोटात घालताय!

पारंबी : माउली खळ मरोत म्हणत नाहीत, 'खळांची व्यंकटी सांडो' म्हणतात. वाकडेपणा जावा, माणूस राहावा.

आडमुठा : सांडलेलं दूध फरशीवर असतंच की. पुसायचं कुणी?

पारंबी : जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे. ओतू जाणे नव्हे!

खारेदाणे : व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, तर मग आमचा व्यंकटेश कोण?

शुद्धमती : कृपया देवाला मध्ये आणू नका. त्याचा काही संबंध नाही.

मांडवीकाठ : मला तर लहानपणी खळ म्हणजे कपड्यांचीच वाटायची. आई साड्यांना साबुदाण्याची करायची. 'खळांची सांडो' म्हटलं की मोरीच डोळ्यांसमोर यायची.

वसईवाला : साबुदाण्याची? आमच्याकडे भाताच्या पेजेची.

आडमुठा : पेजेने सुती कापड चांगलं राहतं. साबुदाण्याने पांढरे डाग पडतात.

मांडवीकाठ : गाळून घेतली नाही तर पडणारच.

दौतटाक : मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त 'इव्हिल' देवनागरीत ठेवतेय. (खळ गाळायला जुनं धोतर लावा.)