मदत हवी आहे: हॉकी पूलमध्ये मॅथ्यू नाईजला ठेवू की वायट जॉन्स्टनला?

नमस्कार मंडळी,

आइस हॉकी पाहणारे इथे किती जण आहेत कल्पना नाही, पण कॅनडा-अमेरिकेतली काही मंडळी असतीलच म्हणून विचारतोय.

आमच्या ऑफिसात (मिसिसागा) दर वर्षी हॉकी पूल असतो. एनएचएलचे (इथली व्यावसायिक आइस हॉकी लीग) खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपला कागदावरचा संघ बांधायचा, आणि ते खेळाडू सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. आमचा पूल कीपर प्रकारातला आहे. म्हणजे हंगाम संपला तरी तीन खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात, बाकीचे पुन्हा सगळ्यांना खुले. माझे दोघे ठरलेत. तिसऱ्यावर गाडी अडलीये: टोरोंटो मेपल लीफ्सचा मॅथ्यू नाईज की डॅलस स्टार्सचा वायट जॉन्स्टन? मंगळवारी नावं द्यायची आहेत.

आमच्याकडे गुण चार गोष्टींचे: गोल, असिस्ट (ज्या पासवर गोल होतो तो), गोलवर मारलेले शॉट आणि हिट्स (पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणं). एकदा राखलेला खेळाडू जास्तीत जास्त तीन हंगाम ठेवता येतो, त्यामुळे नुसता येणारा २०२५-२६ चा हंगाम बघून चालणार नाही.

मजा अशी की दोघेही २०२१ च्याच ड्राफ्टमधले आणि दोघेही अपेक्षेपेक्षा फार पुढे गेलेले. जॉन्स्टन २३ वा गेला, नाईज ५७ वा. टोरोंटोने त्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड निक फोलिन्योसाठी कोलंबसला देऊन टाकली होती आणि तो काही महिनेच टिकला. त्या ड्राफ्टमध्ये लीफ्सना उण्यापुऱ्या तीनच निवडी मिळाल्या आणि त्यातली पहिली हा नाईज. नशीब म्हणतात ते हेच असावं.

नाईजचं थोडक्यात सांगतो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जन्म फिनिक्सचा, २००२ चा. म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला हॉकीपटू. लीफ्सचाच ऑस्टन मॅथ्यूजही तिकडेच वाढलेला. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले. ड्राफ्टनंतर मिनेसोटा विद्यापीठाकडून दोन वर्षं खेळला, मध्येच २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेकडून गेला (आणि अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत कोणी हरवलं? स्लोव्हाकियाने!). ८ एप्रिल २०२३ ला कॉलेजची अंतिम लढत क्विनिपियाक विद्यापीठाकडून जादा वेळेत हरला आणि दोन दिवसांत लीफ्सच्या जर्सीत बर्फावर उतरला.

पहिल्या पूर्ण हंगामात, २०२३-२४ ला, १५ गोल आणि ३५ गुण (एनएचएलच्या हिशेबात गोल अधिक असिस्ट). तेव्हा मी म्हटलं, बरा आहे, तिसऱ्या ओळीत (आघाडीच्या खेळाडूंच्या तिसऱ्या तुकडीत) खपून जाईल. २०२४-२५ ला थेट २९ गोल, २९ असिस्ट, तेही ७८ सामन्यांत. २०२५ च्या उन्हाळ्यात सहा वर्षांचा करार झाला, वर्षाला ७७.५ लाख डॉलर.

माझी शंका सरळ आहे. हे २९ गोल त्याचे स्वतःचे किती आणि शेजाऱ्यांचे किती? वर्षभर त्याच्या एका बाजूला मॅथ्यूज आणि दुसऱ्या बाजूला मिच मार्नर होता. मार्नरचे त्या हंगामात १०२ गुण, त्यात ७५ असिस्ट. आता मार्नर व्हेगासला गेला. पास कोण देणार? जॉन्स्टनची पाटी तुलनेने स्वच्छ वाटते: २४, ३२, ३३ अशी गोलांची चढण, आणि २०२४-२५ ला ७१ गुण. पण हिट्समध्ये नाईजच्या पासंगालाही पुरत नाही.

ऑफिसातल्यांना विचारण्यात अर्थ नाही. एक तर ते प्रतिस्पर्धी, दुसरं म्हणजे सगळे लीफ्सवेडे. म्हणून इथे विचारतोय. आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष खेळ बघणाऱ्यांचं मत जास्त हवंय.

– धागाकर्ता

---

खडकीवाला:
शीर्षकात हॉकी वाचून धावत आलो, म्हटलं कोणीतरी धनराज पिल्लेच्या गावची आठवण काढली. असो. एक अडाणी प्रश्न: हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव का? आणि इतका चांगला पोरगा ५६ जणांनंतर कसा काय उरला?

धागाकर्ता:
खडकीवाले, स्वागत आहे. लिलाव नाही, पैसे नसतात. संघ पाळीपाळीने अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांना निवडतात. गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्यांना आधी पाळी, त्यात सोडतीचा थोडा भाग. निवडीचा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात खेळाडूही घेता येतो, लीफ्सनी तेच केलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाणकारांनी द्यावं.

हिमकण:
मी देतो. २०२१ चा ड्राफ्ट कोविडच्या सावलीत झाला. ओंटारिओची ज्युनियर लीग, ओएचएल, २०२०-२१ ला एकही सामना न होता रद्द झाली. जॉन्स्टन त्याच लीगचा. ड्राफ्टच्या वर्षात त्याच्याकडे दाखवण्यासारखी एकच जागा होती, अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा. ती झाली टेक्ससमध्ये, फ्रिस्को आणि प्लेनोला, म्हणजे अक्षरशः डॅलसच्या अंगणात. कॅनडा जिंकला, जॉन्स्टन त्या संघात होता. पुढे डॅलसनेच त्याला उचललं यात नवल ते काय. बाकीच्यांनी व्हिडिओ बघून अंदाज बांधले.

नाईज अमेरिकेत यूएसएचएल या ज्युनियर लीगमध्ये खेळत होता, तिथे सामने झाले. त्याची अडचण वेगळी होती. तो आधीच दांडगा होता आणि दांडग्या पोरांबद्दल स्काउटांच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) मनात एक कायमची शंका असते: हा शरीराच्या जोरावर लहानांना ढकलतोय की याच्या हातात खरंच काही आहे? ती शंका फिटेपर्यंत दुसरी फेरी उजाडते.

आता तुमचा प्रश्न. ड्राफ्टचा क्रमांक डोक्यातून काढून टाका. 'दुसऱ्या फेरीतला असून बघा कुठे पोचला' या कौतुकात लोक वाहवत जातात आणि पुढचा हिशेब चुकतो. कुचेरॉव्ह ५८ वा होता, जेसन रॉबर्टसन ३९ वा, ब्रेडन पॉइंट तर तिसऱ्या फेरीत ७९ वा, या बड्या खेळाडूंचे दाखले सगळेच देतात. पण दुसऱ्या फेरीतले बहुतेक जण एनएचएलमध्ये जमही बसवू शकत नाहीत, त्यांचे दाखले कोण देतो? क्रमांक म्हणजे अठराव्या वर्षीचा अंदाज. आता तुमच्यापुढे बाविशीतला, पूर्ण वाढ झालेला खेळाडू आहे, त्याच्याकडे बघा.

आणि नाईजकडे बघायचं तर पक विसरून त्याचे पाय बघा. लीफ्सचा पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतो तो वेळ) चालू असताना तो गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, तोंडासमोर उभा राहतो, पाठ गोलीकडे. मागून बचावपटू कमरेत काठी खुपसतोय, ढकलतोय, आणि हा गुडघे वाकवून तसूभर हलत नाही. गोलीला पुढचं काही दिसत नाही. शॉट आला की हा काठीचं पातं नुसतं आडवं धरून त्याची दिशा बदलतो, किंवा उडालेला पक ढकलतो. २०२४ च्या प्लेऑफचा बोस्टनमधला पाचवा सामना आठवा. मॅथ्यूज खेळत नव्हता, हरलो तर घरी अशी वेळ. जादा वेळेला अडीच मिनिटंही झाली नव्हती, आपल्या टवारेसचा फटका बोस्टनचा गोली स्वेमनकडून पुरता अडला नाही, आणि नाईज नको तितका जवळ उभा होता. संपला सामना. या गोलात मार्नर कुठे आहे?

बोरकूट:
हिमकण, लिहिलंय झकास, पण एक गोष्ट सोयीस्करपणे सोडलीत. असे गोल करायला आधी पक त्या जागी यावा लागतो. लीफ्स निळ्या रेषेवरून पक प्रतिस्पर्ध्याच्या भागात नेण्यासाठी मार्नरवर किती विसंबून होते ते सामने बघणाऱ्याला सांगायला नको. तो गेल्यावर पॉवर प्लेच थंडावला तर नाईज गोलीसमोर उभा राहून करणार काय, गप्पा?

माझं मत जॉन्स्टनला. तीन हंगाम, प्रत्येकात ८२ पैकी ८२ सामने. पूलमध्ये हजेरीची किंमत लोकांना कळत नाही. पहिल्या वर्षी तो डॅलसमध्ये संघातल्या मुरलेल्या जो पॅव्हेल्स्कीच्या घरी राहायचा, आणि पॅव्हेल्स्की स्वतः २००३ ला २०५ वा गेलेला. गोलीसमोरची कला शिकायला याहून चांगलं घर नाही. नाईजइतका दांडगा नसतानाही जॉन्स्टन तिथून गोल करतो, ती त्याची शिकवण असणार.

हिमकण:
हजेरीचा मुद्दा मान्य. पण डॅलसमध्ये वाटेकरी बघा. रॉबर्टसन, हिंट्झ आणि मार्च २०२५ पासून रँटनन, तोही आठ वर्षांच्या करारावर. त्यात प्रशिक्षक बदललाय, डीबोर गेला, गुलुट्झन आला. पहिल्या पॉवर प्लेवर कोणाला किती वेळ मिळेल हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. टोरोंटोत उलट आहे. मार्नर गेल्याने जागा रिकामी झाली, नाईजची कोणी घेणार नाही. बेरुबे प्रशिक्षक आहे तोवर धडका देणारा, कोपऱ्यातून पक उकरून आणणारा विंगर वरच्याच ओळीत राहणार. माझा अंदाज विचाराल तर गोल तेवढेच, पंचवीस ते तीस, असिस्ट मात्र एखाद वर्ष घसरू शकतात. चाळीस गोलांचा खेळाडू मला त्यात दिसत नाही. पस्तीसचा दिसतो, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, हेच हवं होतं. दुखापतींचं काय वाटतं? २०२३ च्या प्लेऑफमध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटने आपटल्यावर मेंदूला मार बसून नाईज उरलेली मालिका मुकला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात व्हेगासच्या व्हाइटक्लाउडचा जबरदस्त फटका बसला. तीन हंगामांसाठी राखायचा म्हणजे हे डोक्यात येतंच.

बोरकूट:
येणारच. जो हिट्स देतो तो हिट्स खातोही. त्या दुसऱ्या फटक्यानंतर तो फार दिवस बाहेर नव्हता, ७८ सामने खेळला म्हणजे चारच चुकले. तरीही डोक्याच्या बाबतीत मी सावधच राहीन.

हिमकण:
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लेकशोअरची वहिनी:
पुरुषमंडळी, तुम्ही खेळाडू बघताय, पूल कोणी बघेना. माझ्या दिरांच्या ऑफिसातही असाच पूल असतो आणि त्याच्या वह्या घरात मीच सांभाळते, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, हिट्सना तुमच्याकडे किती वजन? चारही रकान्यांना सारखं असेल तर नाईज एकटा दोन खेळाडूंचं काम करतो. गोल करणारे पुष्कळ मिळतात, धडका देणारेही पुष्कळ मिळतात, दोन्ही करणारे हाताच्या बोटांवर. जॉन्स्टन राखलात तर हिट्ससाठी वेगळा माणूस शोधावा लागेल आणि तो गोल करणार नाही.

दुसरी, मिसिसागातल्या ऑफिसात लीफ्सचा खेळाडू नेहमी खऱ्या किमतीपेक्षा महाग जातो. तुम्हीच लिहिलंय सगळे लीफ्सवेडे आहेत. मग नाईज सोडून देताय कशाला? मंगळवारच्या आधी अदलाबदल चालते का ते बघा. चालत असेल तर नाईजच्या बदल्यात कोणीतरी जॉन्स्टनच्या वरचा खेळाडू हातात देईल. नाही दिला तर नाईज राखा, नोव्हेंबरात त्याने चार-पाच गोल लागोपाठ मारले की बोली आपोआप वाढेल. जॉन्स्टनसाठी तुमच्या ऑफिसात असा वेडा गिऱ्हाईक मिळणार नाही, पोरगा टोरोंटोचाच असला तरी.

खडकीवाला:
वहिनींना माझा पाठिंबा. खेळ कळला नाही, व्यवहार कळला.

धागाकर्ता:
वहिनी, दंडवत. नियम पाहिले, सोमवारी रात्रीपर्यंत अदलाबदल चालते. चारही रकान्यांना सारखंच वजन आहे. आमच्या अकाउंट्समधल्या एकाकडे रॉबर्टसन आहे आणि त्याच्या टेबलावर नाईजचा फोटो लावलेला आहे. उद्या चहाच्या वेळी विषय काढतो, पण जॉन्स्टनचं नाव आधी घेऊन, म्हणजे नाईज मला फार प्रिय आहे असं वाटेल. त्याने रॉबर्टसन सोडला नाही तर नाईज राखतोय, हे नक्की. बोरकूटदादा, डोक्याच्या दुखापतीचं तुमचं म्हणणं पटतंय, म्हणून तीन वर्षं नाही, एकच वर्ष धरून चालतो.

बोरकूट:
हरकत नाही. जॉन्स्टन खुला सोडताय तर तुमच्या पूलमध्ये अजून एखादी जागा आहे का? मी पोर्ट क्रेडिटला असतो.