मदत हवी आहे: लागोपाठची गारपीट म्हणजे कल की योगायोग?

नमस्कार मंडळी. सलग तीन वर्षं गारांनी गहू-हरभरा झोडपला, संत्र्याचा आंबिया बहार झडला, की पारावर ठरूनच जातं: हवामान बदललं. खरंच तसं आहे का, हे आकड्यांनी तपासायचं आहे.

नमुना म्हणून अमेरिकेची हरिकेन, म्हणजे तिकडची जोरदार चक्रीवादळं, घेतली. तिथल्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी १.७ धडकतात. पॉयसन वितरणानं (सरासरी ठरलेली आणि घटना एकमेकींवर अवलंबून नसतील, तर किती घडतील याची शक्यता सांगणारं सूत्र) एका वर्षात चार किंवा जास्त धडकण्याची शक्यता सुमारे ९ टक्के येते, म्हणजे दहा वर्षांत एकदा तरी तसं घडण्याची ६२ टक्के. २००४-०५ ला तडाखे बसले, मग २०१७ च्या हार्वेपर्यंत एकही मोठं (श्रेणी ३ किंवा वरचं) हरिकेन तिथं धडकलं नाही. नुसत्या योगायोगातही असे घोळके आणि खंड पडतात.

आपल्याकडे अडचण नोंदींची आहे. गारांचा पट्टा अरुंद, पर्जन्यमापकात गार वेगळी दिसत नाही. मग उरतात पंचनामे. पण मदतीची अट २०१५ ला ५० वरून ३३ टक्के नुकसानीवर आली, त्यामुळे त्यानंतरचा आकडा आपोआप फुगतो. शिवाय शेत रिकामं असेल तर गार पडूनही पंचनामा होत नाही.

१) २०१५ आधीच्या मंडळनिहाय गारपिटीच्या तारखा, नुकसान कमी असलेल्याही, कुठं मिळतील?
२) दरवर्षीच्या गारपिटींच्या संख्येचं विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) भागिले सरासरी १ च्या बरंच वर आलं, तर घोळका कळतो, कल नाही. जेमतेम वीस वर्षांच्या नोंदीत कलासाठी कोणती चाचणी टिकेल?

तलाठी, कृषी सहायक, संख्याशास्त्रवाले, कृपया सांगा.