सेसिलला माफ केलं, असं कुठल्या पानावर लिहिलंय?

कागदीबाण

काल इथे 'हे मुलांसाठी नकोच' म्हणून एक लेख आला. पुस्तक रिटा विल्यम्स-गार्सियांचं 'वन क्रेझी समर'. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: यातली आई सेसिल तीन मुली टाकून जाते, का तर कविता करायच्या होत्या. सात वर्षांनी मुली दारात येतात तेव्हा धड दोन शब्द बोलत नाही. आणि शेवटी विमानतळावर त्याच मुली तिला मिठ्या मारतात. म्हणजे लेखिकेने बेजबाबदार आईचा सत्कारच केला, आणि असलं पुस्तक दहा-बारा वर्षांच्या मुलींना देणं घातक आहे. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले होते, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून हा धागा.

मुलांच्या पुस्तकांत आया मरायला कुणाची कधी हरकत नसते. 'पिप्पी लाँगस्टॉकिंग'मधल्या पिप्पीची आई ती तान्ही असतानाच गेली. ती वर आकाशातल्या भोकातून आपल्याकडे बघत असणार असं पिप्पीला वाटतं, म्हणून ती वर बघून हात हलवते, काळजी करू नकोस म्हणते. १९४५ पासून पोरं हे वाचून हसताहेत. मेलेली आई सगळ्यांच्या सोयीची. ती चुकत नाही, तिला प्रश्न विचारता येत नाहीत. पंचाईत होते ती जिवंत, धडधाकट आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात राहणाऱ्या आईची.

बरं, निघून जाणाऱ्या आयाही आहेत. 'होमकमिंग'मधली (१९८१) आई चार पोरांना गाडीत बसवून जाते ती परत येतच नाही, आणि तेरा वर्षांची डायसी धाकट्यांना घेऊन चालत सुटते. पण ती आई मनाने कोलमडलेली आहे हे कळलं की वाचक तिच्यावरचा राग मागे घेतो. सेसिलला असला कुठलाही दाखला नाही. तिने ठरवून घर सोडलंय. १९६८ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांची डेल्फिन, नऊची व्होनेटा आणि सातची फर्न ब्रुकलिनहून ओकलंडला येतात, तेव्हाही ती बदललेली नाही. मुलींना सकाळी ब्लॅक पँथरांच्या (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या) केंद्रात नाश्त्याला पिटाळते, दिवसभर तिथेच राहा म्हणते. फर्नला नावाने हाक मारत नाही, 'लिटल गर्ल' म्हणते. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, कारण आत तिचा छापखाना आहे.

आता सांगा, यात सत्कार कुठे आहे? लेखिकेने सेसिलची एकही चूक झाकलेली नाही. शेवटी फर्न रांग सोडून पळत जाते आणि मिठी मारते, कारण तिला मिठी हवी असते. इतक्या लांब ती त्यासाठीच आलेली असते. मिठी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

---

स्पष्टवक्ता

तो लेख माझाच. 'लेखकमहाशय' म्हणण्याऐवजी नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुम्ही प्रौढ वाचकासारख्या वाचताय. मूल तसं वाचत नाही. मुलाला दिसतं ते एवढंच, की आई वाईट वागली आणि तरी मुलींनी तिला जवळ केलं. शिवाय सेसिल कवयित्री आहे, चळवळीशी संबंध आहे, पोलीस पकडून नेतात, म्हणजे तिच्याभोवती वलय आलंच. हीच बाई कुठल्या साध्या नोकरीसाठी घर सोडून गेली असती तर तुम्ही एवढा लांब धागा काढला असता का? कलाकाराला सगळं माफ, हा आपल्या वाचनसंस्कृतीचा जुनाच रोग आहे.

---

बाबा_तिघांचा

दोघांच्याही भांडणात एक माणूस कुणालाच दिसत नाहीये. मुलींचा बाप. सात वर्षं तो आणि त्याची आई मिळून तीन पोरी वाढवतात. पुढे तोच म्हणतो की मुलींनी आईला ओळखलं पाहिजे आणि स्वतः त्यांना विमानात बसवतो. त्याच्या वाट्याला किती पानं? मोजून बघा. मी तीन मुलं एकट्याने वाढवतोय. शाळेच्या पालकसभेत आजही मला विचारतात, "आई नाही आल्या?" पळून गेलेल्या आईवर कादंबरी, थांबलेल्या बापावर एक परिच्छेद. चालू द्या.

---

कागदीबाण

@बाबा_तिघांचा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण इथे विषय तो नाही.

---

बाबा_तिघांचा

नसतोच कधी.

---

तळटीप

एक तथ्य नोंदवतो. मूळ वादात मला रस नाही. ओकलंडमध्ये पँथरांचा मुलांसाठी मोफत नाश्ता जानेवारी १९६९ मध्ये सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये सुरू झाला. कादंबरी १९६८ च्या उन्हाळ्यात घडते. तेव्हा या मुली जो नाश्ता खातात, तो इतिहासाच्या आधी खातात.

---

स्पष्टवक्ता

घ्या! म्हणजे इतिहाससुद्धा चुकीचा शिकवायचा.

---

निवांत

तळटीप आले, आता धाग्याचं काश्मीर होणार, वाद संपायचाच नाही. मी खुर्ची ओढून बसलोय.

---

थोरली

मी सहसा वाचनमात्र असते. पण 'मूल तसं वाचत नाही' हे वाक्य सकाळपासून डोक्यात घुमतंय.

स्पष्टवक्ता, मी ते मूल होते. मी दहाची असताना आई निघून गेली. वारली नाही, गेली. कुठे ते सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्यासमोर विषय निघाला की मोठी माणसं एकदम पंख्याचा आवाज फार येतो वगैरे बोलायला लागायची. माझ्यामागे दोन बहिणी. सकाळी दोघींच्या वेण्या मी घालायचे. धाकटीचा भांग माझ्याकडून कधी सरळ निघाला नाही. शाळेत बाईंनी विचारलं की तिने सांगायचं, "ताईने घातली", आणि बाई म्हणायच्या, "किती समजूतदार गं तुझी ताई." या 'समजूतदार' शब्दाची मला आजही शिसारी येते.

आई नसलेल्या मुलींची जेवढी पुस्तकं माझ्या हातात दिली गेली, त्या सगळ्यांत आई देवाघरी होती. मला वाटायचं, माझ्यासारख्यांचं पुस्तकच नसतं. किंवा असं, की आपली आई मेली असती तर आपण निदान गोष्टीत बसलो असतो. दहा वर्षांच्या मुलीच्या मनात हे यायचं, आणि त्यासाठी कुणीही मला कुठलं घातक पुस्तक दिलेलं नव्हतं.

'वन क्रेझी समर' मी चाळिशीत वाचलं. पहिल्याच पानांत विमान ढगांत हिंदकळतं, पोटात गोळा डेल्फिनच्याही आलाय, पण ती धाकट्यांना गोष्ट रचून सांगते की हे ढग मुष्टियोद्धे आहेत, कॅशियस क्ले ढग, आणि विमानाशी त्यांची मारामारी चाललीय. स्वतः घाबरलेली असताना दुसऱ्यासाठी गंमत करायची. तिथेच पुस्तक मिटून ठेवलं आणि चहाचं भांडं उगाच दोनदा घासलं.

मला सेसिलचं काही पडलेलं नाही. पुस्तक डेल्फिनचं आहे.

---

कागदीबाण

थोरली, मी एवढं लिहूनही जे निसटलं ते तुम्ही चार ओळींत पकडलंत. पोलीस धाड घालून स्वयंपाकघर उधळतात, त्यानंतरचा प्रसंग आठवा. डेल्फिन जमिनीवर सांडलेले छापखान्याचे खिळे (अक्षरांचे ठसे) वेचते, पुसते. ज्या खोलीत तिला मुश्किलीने शिरकाव मिळाला, तीच खोली ती आवरते. आणि आई सुटून आल्यावर शेवटी तिचा बांध फुटतो, की मी फक्त अकरा वर्षांची आहे आणि सगळं मीच करते. सेसिल माफी मागत नाही. ती स्वतःची हकिकत सांगते: आई लहानपणी गेली, मावशीने घराबाहेर काढलं, रस्त्यावर झोपली. स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही.

---

शेंडेफळ

अनुमोदनांच्या पुरात एक उलटा सूर लावते, हलके घ्या.

मी तिसरी. माझ्याही मोठ्या बहिणीने मला वाढवलं (आमची आई आजारपणात गेली, ते वेगळं). सगळ्या जगाला थोरल्या बहिणींचे कष्ट दिसतात. आम्ही काय भोगलं ते कुणी विचारतं? मला आई हवी होती, मिळाला हवालदार. दप्तर तपासणार, पत्रं वाचणार, मैत्रिणी ठरवणार. मी बत्तीस वर्षांची आहे आणि आजही ती माझ्यासाठी परस्पर डॉक्टरची वेळ घेते. फर्नच्या वतीने बोलायचं तर डेल्फिनसुद्धा तिला बोलू देत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी डेल्फिन उत्तर देते. म्हणूनच पँथरांच्या मेळाव्यात फर्न स्वतः माइकसमोर उभी राहून स्वतःची कविता म्हणते आणि जे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं ते सगळ्यांसमोर सांगते, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. त्या पोरीला आईपासून नाही, ताईपासून सुटायचं होतं.

---

थोरली

दप्तर तपासलं कारण दप्तर तपासायला दुसरं कुणी नव्हतं. हवालदार व्हायची हौस कुणाला असते? मला त्या वयात लगोरी खेळायची होती.

---

शेंडेफळ

मग खेळायचं होतं ना! आम्ही अडवलं होतं? तुम्ही लोकांनी त्याग करायचा आणि त्याचं बिल आयुष्यभर आमच्या नावाने फाडायचं.

---

थोरली

तुला जेवायला कोण घालणार होतं मग?

---

शेंडेफळ

तुम्ही माझ्या ताई नाही आहात. एकेरीवर येऊ नका.

---

थोरली

सॉरी. सवय.

---

निवांत

मी तीन भावांतला मधला. आम्हा मधल्यांना कुणी वाढवतही नाही आणि आम्ही कुणाला वाढवतही नाही. व्होनेटाबद्दल या धाग्यात एक ओळ नाही, यात सगळं आलं. ती पोरगी एवढी का नाचते, सगळ्यांचं लक्ष वेधायला का धडपडते, ते आता कळलं असेल.

---

स्पष्टवक्ता

हा पुस्तकाचा धागा आहे की कौटुंबिक न्यायालय?

माझा मुद्दा तसाच आहे. मुलांच्या पुस्तकाने दिलासा द्यावा. थोरली यांचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून नियम होत नाही.

---

कागदीबाण

एका अनुभवावरून नियम होत नाही, पण शून्य अनुभवावरून लेख होतो. छान.

आणि दिलाशाचंच बोलायचं तर 'लिटल विमेन' घ्या. १८६८ चं. बाप युद्धावर गेलाय, घरापासून महिनोन्महिने लांब आहे, त्याबद्दल पोरींना अभिमान. आई मात्र आजारी नवऱ्याकडे वॉशिंग्टनला काय जाते, तेवढ्यात बेथला स्कार्लेट फिव्हर! पिप्पीचा बाप समुद्रात वाहून गेला तर कुठल्याशा बेटावर राजा होतो. बाप गेला की साहस, आई दाराबाहेर पडली की मूल आजारी पडलंच पाहिजे. याला तुम्ही दिलासा म्हणता. मी याला आयांना घातलेला धाक म्हणते. सेसिल गेली आणि मुली जगल्या, वाढल्या, भांडल्या. हे मुलांना घाबरवणारं आहे की धीर देणारं?

---

बाबा_तिघांचा

जगल्या, कारण बाप होता. आजी होती. पुन्हा तेच.

---

कागदीबाण

बरं बाबा, हो. तेवढं वाक्य मी चुकीचं लिहिलं. बाप आणि बिग मा (आजी) होत्या म्हणून वाढल्या. खूश?

---

बाबा_तिघांचा

खूश नाही. पण नोंद घेतली.

---

तळटीप

मेळाव्याचा विषय निघालाच आहे तर: ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडलाच ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढली. पार्टीचा सभासद बॉबी हटन १७ वर्षांचा असताना ६ एप्रिल १९६८ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर दोनच दिवसांनी. कादंबरीतल्या मेळाव्यात पार्कला त्याचं नाव द्यायची मागणी आहे, हे काळाशी जुळतं. आपल्याकडच्या १९७२ च्या दलित पँथरांनी नाव कुठून घेतलं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. नाश्ता मात्र जुळत नाही. माझ्या आधीच्या प्रतिसादाला अजून उत्तर आलेलं नाही.

---

थोरली

स्पष्टवक्ता, एक विचारू? डेल्फिन स्वयंपाकघरात कोंबडी शिजवते, त्या प्रसंगात सेसिल तिला काय सुनावते ते आठवतंय? आशय असा, की थोडी स्वार्थी झालीस तर मरणार नाहीस. ज्या आईने स्वार्थीपणाने घर सोडलं तीच हे सांगते, म्हणून ते ऐकताना चीड येते. आणि तरी डेल्फिनला आयुष्यात तोवर कुणीही सांगितलं नव्हतं असं तेच एक वाक्य आहे. मला कुणी दहाव्या वर्षी सांगितलं असतं तर मी त्या माणसाचा राग राग केला असता आणि लगोरी खेळायला गेले असते. तुमच्या लेखात या प्रसंगाचा उल्लेख नाही, म्हणून विचारतेय.

---

स्पष्टवक्ता

उल्लेख नाही, कारण मी तिथवर पोचलो नव्हतो. सेसिल मुलींनी बापाकडून आणलेले पैसे काढून घेते तिथे डोकं फिरलं आणि पुस्तक ठेवून दिलं. शेवट मुलीकडून ऐकला. तिनेच वाचायला दिलं होतं.

आता तुटून पडा.

---

निवांत

🍿

---

कागदीबाण

तुटून पडणार होते. पण मुलीला आवडलं होतं का?

---

स्पष्टवक्ता

दोनदा वाचलं तिने. तिची आई आणि मी वेगळे राहतो. यावर चर्चा नकोय.

उरलेलं वाचेन. मत बदलेल असं समजू नका. हे माझं शेवटचं पोस्ट.

---

शेंडेफळ

@थोरली, तुमच्या धाकटीला विचारा कधीतरी, तो वाकडा भांग तिला खरंच खुपायचा का. आमची ताई आजही त्याच गोष्टीवरून स्वतःला बोल लावते आणि मला तर आठवतही नाही.

हवालदार मात्र होतीच.

---

थोरली

विचारते. (डॉक्टरला मात्र जाऊन ये. सॉरी, या.)

---

तळटीप

सगळ्यांचं झालं असेल तर: जानेवारी १९६९.

---

कागदीबाण

मान्य हो, मान्य.