सीताबर्डीच्या इमारती मागे का कलतात?

एकाने विचारलंय की नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानांच्या फोटोंत इमारती मागे कलतात आणि संध्याकाळी पाट्यांवर काळे पट्टे येतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

इमारती कलतात कारण कॅमेऱ्याचं तोंड वर केलं जातं. स्क्रीनवरची ग्रिड लावून तो समतल धरा. रस्ता ओलांडून मागे सरका किंवा समोरच्या पहिल्या मजल्यावरून काढा (अर्थात विचारून). सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणार असाल तर चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात आणि आधी छताचा कठडाच जातो. नागपूरच्याच इतवारीच्या बोळांत मागे सरकायला जागाच नसते. तिथे अख्खी इमारत घ्यायचा हट्ट सोडा, एखादा सज्जा नाहीतर दार पुरे.

पट्टे एलईडीचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्याऐवजी सेन्सरच ओळीओळीने फोटो टिपतो ते) बंद करा. सरकत्या अक्षरांच्या पाट्यांचं गणित वेगळं, तिथे १/३० पर्यंत उतरून बघा.

आणि मे महिन्यात टेलिफोटोने (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) दूरचं काही काढायचं तर सकाळी लवकर. ऊन तापलं की डांबरावरची हवा थरथरते, मग लेन्स कितीही महागडी असो, फोटो मऊच येतो.