रिकीब नसताना आर्थरच्या काळातले स्वार लढायचे कसे?

प्रश्न: पाचव्या-सहाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये, म्हणजे दंतकथेतल्या राजा आर्थरच्या काळात, रिकीब (खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी) नव्हती. मग भाला मारताना स्वार घोड्यावरून पडत कसा नसे?

प्रतिसाद १: रोमन खोगिराला चार शिंगं असत. पुढची दोन मांड्यांवर झुकलेली, मागची दोन कमरेला अडसर. स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडला अशी ब्राँझची शिंगं सापडली आहेत. बैठक घट्ट बसते, पण चढायचं सहसा उडी मारून.

प्रतिसाद २: सार्मेशियनांना, म्हणजे काळ्या समुद्राकडच्या गवताळ प्रदेशातल्या भालाईत घोडेस्वार टोळ्यांना, विसरू नका! इ.स. १७५ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने त्यांचे ८,००० स्वार घेतले, पैकी ५,५०० ब्रिटनला धाडले. इंग्लंडमधल्या रिबचेस्टरच्या रोमन शिलालेखांत त्यांच्या तुकडीचा उल्लेख आहे.

प्रतिसाद ३: खरंय, पण तिथून आर्थरपर्यंत तीनशे वर्षांची दरी आहे आणि सलग परंपरेचा पुरावा नाही. चकाकत्या पोलादी पत्र्यांचं चिलखत तर डोक्यातून काढाच, ते चौदाव्या-पंधराव्या शतकातलं.