टूर ऑपरेशन्समध्ये शिरायचंय, आधी काय करू?

मदत हवी आहे. सध्या ट्रॅव्हल एजन्सीत सेल्सला आहे, पॅकेज विकतो, पण मला ऑपरेशन्समध्ये जायचंय, म्हणजे हॉटेल ब्लॉक करणं, रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत), व्हाउचर, गाड्या, ऐनवेळी फ्लाइट रद्द झाली की सगळं परत जुळवणं, ते काम. आमच्याकडे ती टीम छोटीये, जागा नाही, म्हणून बाहेर बघतोय. त्यांच्याजवळ बसून कॉस्टिंग शीट शिकलो, अ‍ॅमेडियस या विमान बुकिंगच्या सिस्टिमचा बेसिक कोर्स केला, पीएनआर बनवता येतो, पण रीइश्यू (तिकीट बदलून परत काढणं) आणि रिफंड आलं की गाडी अडते. इंटरव्ह्यूत मात्र सगळे एकच विचारतात, ग्रुप हाताळलाय का? अहो, कुणी हाताळायला दिला तर ना! नोकरी सोडून फुलटाइम कोर्स जमणार नाही, ऑनलाइन चालेल, पगार थोडा कमी मिळाला तरी हरकत नाही. आणि टूर मॅनेजर म्हणून फिरायचं नाहीये, डेस्कवरचंच काम हवंय, हे आधीच सांगतो. आयाटाचा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) फाउंडेशन कोर्स बघितला, पण त्यात तिकीट आणि भाडी यावरच जास्त भर वाटला. तर जे प्रत्यक्ष ऑपरेशन्सला आहेत त्यांनी सांगा, तो कोर्स आधी करू की सरळ एखाद्या डीएमसीत, म्हणजे पर्यटनस्थळी स्थानिक व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत, ज्युनिअर म्हणून लागू?